काचेच्या पोटाचा राखणदार

पाहुण्यारावळ्यांत कुणी विचारलं, "काय करता आपण?" तर मी "कॉलेजात असतो" एवढंच सांगतो आणि पोह्याच्या बशीत डोकं घालतो. समोरचा मला प्राध्यापक समजतो आणि मी त्याला तसं समजू देतो. चोवीस वर्षांच्या नोकरीत एवढी एकच लबाडी मी नियमानं केली आहे. खरं सांगायचं तर मी धाराशिवच्या एका फार्मसी कॉलेजात प्रयोगशाळेचा मदतनीस आहे. पोरं ज्याला 'मामा' म्हणतात, तो मी. काचेची भांडी धुणं, तराजू पुसणं, पोरांनी फोडलेल्या भांड्यांचे तुकडे वेचणं, ही माझी रोजची कामं. पण त्यांच्या जोडीला माझ्याकडं एक खास काम आहे. मी एक पोट सांभाळतो. काचेचं.

हे पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा आमची मंगल माझ्या शर्टाच्या खालच्या दोन बटणांकडं बघत म्हणाली, "आधी स्वतःचं सांभाळा." तेव्हापासून मी हा विषय घरात जपून काढतो. दिवाळी अंकाच्या वाचकांची बटणं मला दिसत नाहीत आणि माझी त्यांना दिसत नाहीत, म्हणून इथं मोकळेपणानं लिहितो.

हे पोट म्हणजे दिसायला एक दुहेरी भिंतीचं काचेचं भांडं. दोन भिंतींच्या मधून कोमट पाणी फिरतं, म्हणजे आतला ऐवज माणसाच्या अंगाएवढा, सदतीस अंश, उबदार राहतो. आत पित्ताचे क्षार घातलेलं पिवळट पाणी, त्यात हळूहळू फिरणारी एक पळी, एका बाजूनं आंबटपणा मोजणाऱ्या मीटरची दांडी आणि वरून लोंबणारी ब्युरेट, म्हणजे थेंब थेंब सोडायची तोटी लावलेली काचेची नळी. त्या तोटीवर माझा अंगठा. माझ्या सगळ्या नोकरीचं सार काढलं तर त्या तोटीवरचा अंगठा उरेल.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. कितीतरी औषधं अशी असतात की पाण्यात विरघळतच नाहीत. तुम्ही गोळी गिळता, ती जशीच्या तशी वाळूसारखी पोटातून जाते आणि दुसऱ्या दिवशी जमिनीला मिळते. अशा औषधांना तेलात बसवावं लागतं. बायांना हे शिकवायला नको. हिंग-हळद नुसत्या पाण्यात टाकून काय होतं? फोडणीतच टाकावी लागते, तेव्हा कुठं त्यांचा गुण आणि रंग भाजीला उतरतो. तसंच हे. औषध तेलात विरघळवायचं, जरा साबणासारखा पदार्थ मिसळायचा आणि मऊ कॅप्सूलमध्ये भरायचं. पोटात गेलं की त्याचं दुधासारखं बारीक, पांढरं पाणी होतं.

इथपर्यंत ठीक. पण आपल्या पोटात स्वादुपिंड नावाचा एक अवयव आहे. त्याच्या रसात तेल कापणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, लायपेज म्हणतात त्याला. त्याला औषध-बिवध काही कळत नाही. तेल दिसलं की कापायचं, एवढंच त्याला ठाऊक. ते कापलं जातं तेव्हा दोन गोष्टी होऊ शकतात. कधी कापलेल्या तेलाचे बारीक तुकडे पित्ताबरोबर मिसळतात आणि औषधाला आणखी चांगली गाडी मिळते, ते थेट आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतं. आणि कधी उलटं होतं. कळंबची एसटी मध्येच बंद पडावी आणि दुसरी गाडी यायच्या आत सगळ्यांना माळावर उतरवावं, तसं औषध तेलातून खाली पडतं. पांढरा साका होऊन तळाला बसतं. मग ते काही कामाचं नाही.

यांतलं काय होणार, ते माणसाला औषध देण्याआधी कळावं म्हणून आमचं काचेचं पोट; त्यात विकराची विकत आणलेली पावडर सोडायची. तेल कापलं गेलं की आम्ल सुटतं, पाणी आंबट व्हायला लागतं. मग मी वरून कॉस्टिक सोड्याच्या पातळ पाण्याचे थेंब सोडून मीटरचा काटा होता तिथं आणायचा. मोठ्या ठिकाणी हे काम यंत्र करतं. आमच्याकडं मी करतो. थेंब जास्त लागले म्हणजे तेल जास्त कापलं गेलं, इतका सरळ हिशोब. एका प्रयोगाला पाऊण तास. तेवढ्या वेळात मला शिंक आली तरी विज्ञानाचं नुकसान होतं, असं आमच्या कुलकर्णी मॅडम सांगत.

सुरुवातीला पित्ताचे क्षार बाहेरून मागवायला उशीर लागायचा. तेव्हा एका सरांनी मला खाटकाकडं पाठवलं होतं, बोकडाचं ताजं पित्त आणायला. आपल्या जिल्ह्याची शेळी नामांकित, तेव्हा पित्तही नामांकित असणार, असा त्यांचा विचार. मी स्टीलचा डबा घेऊन उभा राहिलो आणि हळूच म्हणालो, "पित्ताशय पाहिजे."

खाटीकभाईनं सुरी थांबवली. "मटन नको?"

"नको. फक्त पित्त. आठ-दहा बोकडांचं."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "भाऊ, कुणाचं वाईट करायचंय का? आपल्याकडं तसलं न्हाय मिळत."

"कॉलेजसाठी आहे हो. प्रयोग करायचाय."

"आमी पित्त फुटू नये म्हणून जीव टाकतो, अन् तुमी ते डब्यात मागता. कॉलेज करून असं होतंय व्हय?" त्यानं पित्त दिलं, पण त्यानंतर दोन-तीन महिने मी मटण घ्यायला गेलो की तो डोळ्यांनीच विचारायचा, बरे आहात ना?

हे झालं जुनं. ज्या प्रसंगासाठी मी कागद पुढं ओढला, तो तीन-चार उन्हाळ्यांपूर्वीचा आहे. त्यात चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना तुम्हाला दुसऱ्या कुणावर संशय घ्यायचा त्रास नको.

अश्विनी ही मुरुमची मुलगी, एम. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला, कुलकर्णी मॅडमच्या हाताखाली. वडिलांचा तिथं करडईचा तेलघाणा. घरात ती त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणायचो. पोरीनं प्रबंधाला विषयही घरचाच घेतला होता: बुरशीवरचं एक औषध करडईच्या तेलात बसवायचं. तेल घाण्याचं नव्हे, प्रयोगशाळेचं शुद्ध केलेलं. पण अण्णांना वाटायचं, पोरगी आपल्याच धंद्यात आहे. एकदा ते पाच लिटरचा डबा घेऊन प्रयोगशाळेत आले होते आणि मॅडमना म्हणाले होते, "हे वापरा. ह्यात भेसळ न्हाय."

अश्विनीला हैदराबादच्या एका औषध कंपनीत नोकरी लागली होती. अट एकच, जुलैत हजर होताना पदवी हातात पाहिजे. त्यात अण्णांची अट वेगळी. मुरुमहून हैदराबाद तसं लांब नाही, पण पोरीला एकटं ठेवायला त्यांचं मन होत नव्हतं. "पास झाली तर बघू," एवढंच ते म्हणायचे. आणि अण्णांचं 'बघू' म्हणजे काय, ते अश्विनीला पुरतं माहीत होतं. जून गेला, पदवी लांबली, की मग ती घाण्यावर बसून पावत्या फाडणार.

एप्रिलच्या सुरुवातीला तिचे पहिले दोन प्रयोग आम्ही काचेच्या पोटात केले. दोन्ही पडले. तेल कापलं गेलं आणि औषध तळाला. मी नळी गरगर फिरवायच्या यंत्रातून काढली आणि उजेडाला धरली. खाली पांढरा साका, चुन्यासारखा.

"मामा, हा सगळा माझाच का?" तिनं विचारलं.

"तुझाच. माझ्या घरून काय आणलं नाही मी."

तिनं मिश्रण बदललं. तेल थोडं कमी केलं, साबणासारखा पदार्थ वाढवला. आणि मे महिन्यात चमत्कार झाला. औषध खाली बसेचना. पाऊण तास झाला तरी नळी स्वच्छ. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. पोरीनं साऱ्या मजल्याला पेढे वाटले. मला दोन दिले, एक तोटीवरच्या अंगठ्याचा म्हणून.

मे महिन्यात आमच्याकडं आणखी एक गंमत असते, ती सांगितली पाहिजे. सदतीस अंशांवर ठेवायचं तर पाणी तापवावं लागतं, अशी जगाची समजूत. आमच्या प्रयोगशाळेत मेमध्ये खोलीच एकेचाळीसला असते. यंत्राला तापवता येतं, गार करता येत नाही. मग मी माठ भरून ठेवायचो, भांड्याला ओलं किंतान, म्हणजे गोणपाट, गुंडाळायचो आणि लोट्यानं माठातलं पाणी घालत पोटाला माणसाच्या अंगावर आणायचो. बाहेरच्या परीक्षकांना हे सांगितलं की ते हसतात. त्यांनी एकदा आमच्या तिसऱ्या मजल्यावर दुपारी दोन वाजता उभं राहावं.

तर पोरीचे प्रयोग चांगले येत होते आणि मी खूश होतो. खूश असण्याचं आणखी एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. थेंब कमी लागत होते. पहिल्या प्रयोगांत नव्वद-शंभर थेंब सोडता सोडता अंगठ्याला मुंग्या यायच्या. आता पंधरा-वीस थेंबांत काम. अश्विनी म्हणाली, "नवीन मिश्रण लायपेजला दाद देत नाही, मामा." मी म्हणालो, "फार चांगलं मिश्रण आहे." आळशी माणसाला विज्ञान लवकर पटतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मॅडम तपासणी समितीच्या गडबडीतून मोकळ्या झाल्या आणि तक्ते बघून म्हणाल्या, "नुसत्या करडई तेलाचा एक प्रयोग पुन्हा करून टाका. तुलनेला पाहिजे. एप्रिलचा आहे, पण एकच आहे."

म्हणजे औषध नाही, मिश्रण नाही. साधं तेल. ते तर कापलं जायलाच पाहिजे. अश्विनी त्या दिवशी प्रबंधाची बांधणी बघायला गेली होती, म्हणून मी एकटाच बसलो. माठातलं पाणी घातलं, विकराची पावडर गार पाण्यात कालवून सोडली आणि अंगठा ठेवून वाट बघायला लागलो. पाच मिनिटं झाली. काटा जागचा हलला नाही. दहा मिनिटं. मी चार थेंब सोडले. पाऊण तासानं मोजले तर अकरा. एप्रिलच्या वहीत त्याच तेलाला एकशे चार लिहिलेले, माझ्याच अक्षरात.

नव्या मिश्रणामुळं थेंब कमी लागत असते तर ते मिश्रण असतानाच कमी लागले असते. इथं मिश्रणच नव्हतं. मग एकच गोष्ट उरत होती. मी विकराची बरणी उचलली आणि हलवली. पावडर खळखळायला पाहिजे होती. आत गोटे झाले होते, ओल्या पिठाचे होतात तसे. आणि बरणी मी उचलली कुठून? फ्रीजमधून नव्हे. कपाटाच्या डोक्यावरून, कुलरच्या अगदी तोंडासमोरून.

तेव्हा मला अक्षय्य तृतीया आठवली आणि मी स्टुलावर बसलो.

आमच्या थोरलीचा साखरपुडा होता. दोनशे माणूस. गुलाबजामाचा खवा भूमवरून सांगितलेला, कारण पाहुणे बार्शीचे, त्यांना खव्यातलं कळतं असं त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं. बारा किलो खवा दोन दिवस आधी आला आणि आमच्या घरच्या फ्रीजमध्ये बारा किलो काय, भेंडीची पिशवी टाकली तर दार लागत नाही. मी तो कॉलेजात आणला. प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये खाण्याची वस्तू ठेवू नये, ही पाटी दारावर मीच चिकटवलेली आहे. ती वाचतच मी दार उघडलं.

मधल्या कप्प्यात विकराची बरणी होती. आणि ही पावडर, सांगायला नको पण सांगतो, डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. पोरीच्या साखरपुड्याचा खवा, त्यातला पहिला नैवेद्य देवाला, आणि शेजारी डुक्कर? मला काही ते बघवेना. मी खालच्या कप्प्यात ठेवू शकलो असतो. पण खालचा कप्पासुद्धा त्याच फ्रीजचा. मी बरणी बाहेर काढली, कपाटावर ठेवली, कप्पा तीन वेळा पुसला आणि खवा ठेवला. साखरपुडा झाला, गुलाबजाम संपले, पाहुण्यांनी खव्याला मान डोलावली. बरणी मात्र तिथंच राहिली. पाच आठवडे, मे महिन्यात, कुलरच्या ओल्या वाऱ्यात.

त्या पावडरीत लायपेज एकटं नसतं. प्रथिनं खाणारी विकरंही असतात आणि लायपेज स्वतःच एक प्रथिन. कोरडं आणि गार असेपर्यंत सगळे गुण्यागोविंदानं राहतात. ओल आणि ऊब मिळाली की भावकी सुरू होते. एका बरणीत बसून त्यांनी लायपेजचा निकाल लावला होता. म्हणजे मे महिन्यात आमच्या काचेच्या पोटाला तेल पचतच नव्हतं. तेलाला हात लागला नाही, म्हणून औषध तेलात निवांत बसून राहिलं. पोरीचं मिश्रण चांगलं असेलही, नसेलही. आम्ही ते बघितलंच नव्हतं.

प्रबंध द्यायला सतरा दिवस होते.

खरं सांगतो, मी बरणी पुन्हा फ्रीजमध्ये ठेवली आणि दार लावलं. वहीत अकराचा आकडा अजून पेन्सिलनं होता. पुसला असता तर कुणाला कळलं नसतं. मॅडमचा माझ्यावर विश्वास, पोरीचे पेढे वाटून झालेले, बाहेरचा परीक्षक एवढं खोलात जातो कशाला? पोरगी हैदराबादला गेली असती. हे सगळं मी पाच-दहा मिनिटं मनात बोललो. मग एक गोष्ट आडवी आली. तिथं ती हेच काम करणार होती. मोठी यंत्रं, अस्सल विकर, आणि तिनं भरवशानं आपलं मिश्रण पुढं ठेवलं असतं. ते तिथं सगळ्यांसमोर तळाला बसलं असतं आणि का बसलं, हे तिला कधीच कळलं नसतं.

मी पेन्सिलीचा अकरा पेननं गिरवून पक्का केला.

अश्विनी आली तेव्हा मॅडमही खोलीत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मामा, बरणी बाहेर काढलीत कशाला?"

"खवा ठेवायचा होता, मॅडम. डुकराच्या शेजारी कसा ठेवणार?"

मॅडमनी चष्मा उचलून पदरानं पुसला. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मी त्या दिवशी चार गुलाबजाम खाल्ले होते."

"बरणी बाहेर होती, मॅडम."

"फ्रीज तोच होता ना?"

"कप्पा तीन वेळा पुसला होता."

अश्विनीनं वही मिटली. ती बाहेर गेली. मी खिडकीतून बघितलं, तर खाली जिन्याच्या पायरीवर बसली होती, पाय लांब करून. अर्ध्या तासानं वर आली.

"मामा, चांगलं विकर कुठं मिळेल?"

"मागवलं तर तीन आठवडे."

"आपल्याकडं सतरा दिवस आहेत."

"मग मागवून चालणार नाही," मी म्हणालो आणि फोन काढला.

प्राध्यापकांच्या परिषदा असतात, तशी आम्हा मामांची काही परिषद नसते, पण फोन नंबर असतात. सोलापूरच्या एका कॉलेजात गफूरमामा म्हणून माझे दोस्त आहेत. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, म्हणून सगळ्याच बाबतीत शहाणे. त्यांना हकीकत सांगितली.

"तू खव्यासाठी विकर मारलंस?" ते म्हणाले.

"हो."

"आमच्याकडं एकानं विकराच्या फ्रीजमध्ये आइस्क्रीम ठेवलं होतं. तू एकटा न्हाईस. उद्या ये. सरांना विचारून ठेवतो. पण बर्फ घेऊन ये, नायतर रस्त्यातच पुन्हा मय्यत करशील त्याची."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरातला मोठा थर्मास घेतला. मंगल स्वयंपाकघरातून म्हणाली, "चहा कुणाला नेताय?" तेव्हा मला तिलाही सगळं सांगावं लागलं. तिनं लाटणं खाली ठेवलं.

"म्हणजे खवा त्याच फ्रीजमध्ये होता?"

"पण बरणी बाहेर होती."

"त्याच्या आधी बरणी किती दिवस आत होती?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "बारा वर्षं," मी म्हणालो. "म्हणजे बरणी बदलते, पण जागा तीच."

तिनं थर्मास माझ्या हातातून काढून घेतला आणि माळ्यावरचा जुना, बूच फुटलेला दिला. "हा न्या. परत आणू नका," म्हणाली. बार्शीच्या पाहुण्यांना हे अजून कळलेलं नाही. हा अंक त्यांच्याकडं जातो की नाही याची चौकशी करूनच मी लिहायला बसलो आहे.

सोलापूरहून विकर घेऊन येताना एसटीत खिडकीजवळ बसलो. फुटक्या बुचावर रुमाल बांधलेला, थर्मास मांडीवर लेकरासारखा. तुळजापूरला शेजारी एक म्हातारबा येऊन बसले. त्यांनी थर्मासला हात लावून बघितला.

"गार हाय. कुल्फी काय?"

"औषध आहे."

"घरात कोण आजारी हाय?"

"कुणी नाही. कॉलेजचं आहे."

"मग कॉलेजात कोण आजारी हाय?"

"मीच," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि धाराशिवपर्यंत मला खिडकीची हवा लागावी म्हणून स्वतः आखडून बसले.

त्यापुढचे बारा दिवस आम्ही तिघांनी मिळून ते पोट चालवलं. पहिला प्रयोग साध्या तेलाचा केला. थेंब मोजत गेलो आणि शंभर ओलांडल्यावर अंगठ्याला मुंग्या आल्या; मुंग्यांचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. दुसरा प्रयोग अश्विनीच्या मे महिन्यातल्या मिश्रणाचा. पंधराव्या मिनिटाला तिनं थोडंसं काढून नळीत फिरवलं आणि उजेडाला धरलं.

साका. एप्रिलपेक्षा कमी, पण साका.

"पडलं," ती म्हणाली.

मी म्हणालो, "अश्विनी, माझ्यामुळं..."

"मामा, थेंब सोडा. काटा खाली चाललाय."

राहिलेल्या दिवसांत तिनं एकच बदल करून बघितला. मिश्रणात थोडा डिंकासारखा पदार्थ घातला, औषधाला खाली बसायला उशीर लागावा म्हणून. लागला. औषध पंधरा मिनिटांच्या जागी चाळीस मिनिटं टिकलं, मग बसलं. चमत्कार नव्हता. पण खरं होतं. आणि मे महिन्याच्या त्या सगळ्या प्रयोगांचं काय करायचं, हा प्रश्न आला तेव्हा मला वाटलं, ते आता रद्दीत जाणार. अश्विनीनं ते फाडले नाहीत. प्रबंधात त्यांचं वेगळं प्रकरण केलं. मिश्रण तेच, पित्त तेच, ऊब तीच, फक्त लायपेज मेलेलं. तेव्हा औषध टिकतं. लायपेज जिवंत असलं की पडतं. म्हणजे औषध पाडणारं लायपेजच, दुसरं कुणी नाही, हे त्या चुकीनंच सिद्ध केलं. मॅडम वाचून म्हणाल्या, "हे मुद्दाम करायला मला सुचायला हवं होतं." विकर का मेलं, त्याचं कारण तिनं 'साठवणुकीत तापमान न पाळल्यामुळे' असं लिहिलं. खव्याचा उल्लेख केला नाही. तिचे उपकार.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक उंच, कमी बोलणारे होते. अर्धा तास प्रश्न विचारले आणि मग म्हणाले, "मला हे पडताना बघायचं आहे."

अश्विनीनं माझ्याकडं बघितलं. मी माठ भरूनच ठेवला होता. परीक्षकांनी लोटा, किंतान, माठ बघितलं आणि खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं. आम्ही एप्रिलचं पहिलं मिश्रण लावलं. मी थेंब सोडत होतो, अश्विनी काटा वाचत होती. दहाव्या मिनिटाला तिनं नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीजवळ नेऊन उजेडाला धरली. खाली पांढरा साका, चुन्यासारखा.

"सुंदर," ते म्हणाले.

माझ्या नोकरीत औषध तळाला बसलं आणि चार माणसं एकदम खूश झाली, असं तेवढंच एकदा घडलं.

"विकर मेलं आहे हे तुम्हाला कळलं कसं?" त्यांनी तिला विचारलं. "एवढे चांगले आकडे आल्यावर कुणी शंका घेत नाही."

"मामांना कळलं. त्यांनी थेंब मोजले."

"आणि मारलं कुणी?"

मॅडमनी छताकडं बघितलं.

"ते पण मामांनीच," मी म्हणालो.

परीक्षकांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. मग खाली बसले, पेनचं टोपण काढलं आणि सही केली.

खाली आवारात अण्णा गाडीला टेकून उभे होते. मुरुमहून सकाळीच आले होते, पण वर यायचं धाडस झालं नव्हतं. अश्विनी मॅडमबरोबर कागद पुरे करत होती, म्हणून मीच आधी खाली गेलो.

"काय झालं, मामा?"

"पास झाली, अण्णा. पदवी वेळेत मिळतीय."

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "म्हंजे औषध चाललं तिचं."

"नाही चाललं. तळाला बसलं. परीक्षकांच्या समोर बसलं."

"अन् तरी पास?"

"ते का बसतं, हे तिनं दाखवलं, म्हणूनच पास."

"आमच्या घाण्यात असं केलं तर गिऱ्हाईक डबा टाळक्यात घालतंय," ते म्हणाले. "मग हैदराबादला ही काय करणार? हेच?"

"हेच. कुठलं औषध टिकत नाही, ते शोधत बसणार."

"म्हंजे माणसाच्या पोटात पडायच्या आदी काचंत पाडून बघायचं."

"व्हय."

त्यांनी जिन्याकडं बघितलं. अश्विनी फाइल छातीशी धरून उतरत होती आणि शेवटच्या तीन पायऱ्यांवरून तिनं उडीच मारली.

"मग जाऊ द्या तिला," अण्णा मला म्हणाले, जसं काही इतके दिवस मीच तिला अडवून धरलं होतं.